संगणकाला दार कोणी ठेवले?



इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राज्यारोहणे डोळ्यांपुढे उभी राहतात. आज मी ज्या वस्तूचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे ती वस्तू बोटाच्या पेराएवढी आहे. टेबलावर ठेवण्याच्या संगणकाच्या पाठीमागे एक लहानसे चौकोनी भोक असते. टेलिफोनच्या तारेसारखी, पण तिच्याहून जरा रुंद तोंडाची तार त्यात बसते, आणि ती बसली की ते यंत्र इतर यंत्रांशी बोलू लागते. ह्या भोकाला नेटवर्क पोर्ट असे म्हणतात. पोर्ट ह्या इंग्रजी शब्दाच्या मागे लॅटिन भाषेतले दोन सख्खे शब्द आहेत. एकाचा अर्थ बंदर, दुसऱ्याचा अर्थ दरवाजा. आपल्या कामाला दोन्ही अर्थ चालण्यासारखे आहेत.

प्रश्न असा आहे की, हे दार यंत्राबरोबरच यावे, की ज्याला हवे असेल त्याने मागाहून पैसे मोजून ते बसवून घ्यावे? वरवर पाहता हा कारखानदाराच्या हिशेबवहीतला प्रश्न वाटेल. परंतु त्याच्या पोटात दुसरा, मोठा प्रश्न दडलेला आहे. चारचौघांशी जोडले जाणे हा यंत्राचा, आणि म्हणून ते वापरणाऱ्या माणसाचा, मूळचा धर्म मानायचा, की परवडेल त्याने घालावयाचा दागिना मानायचा? गेल्या अर्धशतकात ह्या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली गेली. त्या उत्तरांचा हा इतिहास आहे.

आरंभी दार होते

सामान्य समजूत अशी की, आधी एकटे संगणक झाले आणि पुढे कधीतरी ते एकमेकांना जोडले गेले. वैयक्तिक संगणकापुरते बोलायचे तर ही समजूत अर्धीच खरी आहे. ज्याला ह्या यंत्रकुळाचा मूळ पुरुष म्हणता येईल, तो जन्मतःच जोडलेला होता.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालो आल्टो ह्या गावी झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा होती. आपल्याकडे ज्या कंपनीचे नाव प्रत काढण्याच्या क्रियेलाच मिळाले, तीच ही कंपनी. तिथे १९७३ साली चार्ल्स थॅकर आणि बटलर लॅम्पसन ह्यांच्या पुढाकाराने ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. एका माणसासाठी एक संगणक ही कल्पनाच तेव्हा चैनीची वाटे. एका अवाढव्य यंत्रापुढे दहा-वीस जणांनी पाळीपाळीने बसावे, ही तेव्हाची रीत. आल्टोने ती मोडली. पण प्रत्येकाला वेगळे यंत्र दिले तर एक आपत्ती ओढवते, हे त्या मंडळींच्या लगेच ध्यानात आले. सामाईक यंत्रावर सर्वांचे काम एकाच ठिकाणी असते. वेगळी यंत्रे झाली की प्रत्येक जण आपापल्या खोलीत बंद होतो. एकत्र कुटुंब मोडून वेगळ्या चुली मांडल्या, तर निदान मधला दरवाजा तरी उघडा ठेवावा लागतो. हा दरवाजा करण्याचे काम रॉबर्ट मेटकाफ ह्या तरुण अभियंत्याकडे आले.

मेटकाफने प्रेरणा घेतली ती हवाई बेटांवरून. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन ह्यांनी १९७१ साली बेटाबेटांवरची यंत्रे रेडिओलहरींनी जोडून दाखवली होती. त्यांच्या योजनेचे नाव ‘अलोहा’; हवाईयन भाषेतला हा अभिवादनाचा शब्द. तिचे तत्त्व असे की, ज्याला बोलायचे असेल त्याने सरळ बोलावे. दोघांचे शब्द एकमेकांवर आदळले, तर थोडे थांबून पुन्हा बोलावे. मेटकाफने ह्यात सुधारणा केली. अध्यक्ष नसलेल्या सभेची कल्पना करा. सुज्ञ सभासद आधी कानोसा घेतो. कोणी बोलत नसेल तरच तोंड उघडतो. तरीही दोघांनी एकदम सुरुवात केली, तर दोघेही थांबतात आणि प्रत्येक जण आपापल्या मनाने कमीअधिक वेळ वाट पाहून पुन्हा बोलतो. थांबण्याचा वेळ सारखा नसल्यामुळे दुसऱ्यांदा टक्कर होण्याचा संभव घटतो. एवढ्या साध्या शिष्टाचारावर शेकडो यंत्रे एका तारेवर नांदू शकतात.

२२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या एका टिपणात मेटकाफने ह्या योजनेला ‘इथरनेट’ हे नाव दिले. प्रकाशलहरी ज्यातून वाहतात असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानीत, तो ‘ईथर’ नावाचा सर्वव्यापी पदार्थ. मायकेलसन आणि मोर्ली ह्यांच्या १८८७ सालच्या प्रयोगाने त्या ईथरचा पायाच उखडला. पदार्थविज्ञानाने टाकून दिलेले नाव एका तारेने उचलले आणि ते तिला चिकटले ते कायमचे. मेटकाफ आणि त्याचा सहकारी डेव्हिड बॉग्ज ह्यांनी उभारलेल्या ह्या पहिल्या जाळ्यावरून सेकंदाला सुमारे २९ लाख बिट, म्हणजे शून्य-एकाच्या खुणा, जात असत. त्याच तारेवर गॅरी स्टार्कवेदर ह्यांनी घडवलेले लेझर किरणांचे छपाईयंत्र जोडले गेले. टपाल यंत्रातूनच जाऊ-येऊ लागले. थोडक्यात, आज कोणत्याही कचेरीत जे दिसते ते तिथे १९७०च्या दशकातच दिसत होते.

मग ते जगापुढे लगेच का आले नाही? एक कारण असे की आल्टो विकण्यासाठी नव्हताच. तो संशोधकांच्या वापराचे यंत्र होता आणि त्याचा खर्च सामान्य कचेरीच्या आवाक्याबाहेर होता. दुसरे कारण अधिक मनोरंजक आहे. डिसेंबर १९७९ मध्ये ॲपल कंपनीचा स्टीव्ह जॉब्ज ही संशोधनशाळा पाहण्यास गेला. पडद्यावरची चित्रे आणि ती हलवणारा ‘माउस’ पाहून तो हरखून गेला. पुढे १९९५ साली एका मुलाखतीत त्याने सांगितले की, आपल्याला तिथे तीन गोष्टी दाखवण्यात आल्या. त्यांपैकी पहिलीने आपले डोळे इतके दिपले की उरलेल्या दोन दिसल्याच नाहीत. त्या दोहोंपैकी एक होती ती यंत्रे जोडणारे जाळे. डोळ्यांना दिसणारे चित्र मोहात पाडते; भिंतीतून जाणारी तार मोहात पाडत नाही. इतिहासाची काही वर्षे अशीच वाया जातात.

दार नसलेले घर

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आय.बी.एम. कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्यूटर’ बाजारात आणला. आज जगभर टेबलांवर दिसणारे बहुसंख्य संगणक त्याचेच वंशज. ह्या यंत्राला जाळ्याचे दार नव्हते. मात्र त्याच्या आत पाच रिकाम्या खाचा होत्या. ज्याला जे हवे त्याने त्या कामाचे कार्ड विकत घ्यावे आणि खाचेत बसवावे, अशी योजना होती.

कारखानदाराची बाजू समजून घेतली पाहिजे. यंत्रात घातलेला एक डॉलरचा सुटा भाग विक्रीच्या किमतीत कितीतरी पट होऊन उमटतो. ज्या ग्राहकाला जोडणी नकोच आहे, त्याने तिचे पैसे का भरावेत? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण त्यात एक गोम आहे. टेलिफोनचेच उदाहरण घ्या. गावात पहिला टेलिफोन घेणाऱ्याला त्याचा उपयोग काय? तो बोलणार कोणाशी? दुसरा आला की दोघांचे काम होते, शंभरावा आला की शंभरांचे होते. म्हणजे जोडणीची किंमत घेणाऱ्याच्या खिशावरून ठरत नाही. शेजाऱ्याकडे ती आहे की नाही ह्यावरून ठरते. प्रत्येकाने आपल्यापुरता विचार केला तर प्रत्येक जण ‘मला नको’ म्हणेल, आणि सर्वांना जे हवे आहे ते कोणालाच मिळणार नाही. हा पेच फोडण्याचा एक मार्ग म्हणजे दार आधीच करून ठेवणे.

मेटकाफने १९७९ साली झेरॉक्स सोडून ‘थ्री-कॉम’ ही कंपनी काढली होती. त्याच्याच प्रयत्नांनी डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स ह्या तीन कंपन्या एकत्र आल्या आणि १९८० साली त्यांनी सेकंदाला एक कोटी बिट वाहणाऱ्या इथरनेटचा आराखडा प्रसिद्ध केला. वापरण्याचा परवाना कोणासही नाममात्र शुल्कात मिळू लागला. हा आराखडा कोणा एकाची मिरास राहिला नाही, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू; पुढे तिचे महत्त्व कळेल. १९८२ साली थ्री-कॉमने आय.बी.एम.च्या संगणकात बसणारे इथरनेट कार्ड विकायला काढले. त्याची किंमत हजार डॉलरच्या जवळपास होती. एवढे मोल देऊन दार बसवणारे विरळाच. त्यामुळे त्या काळात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद न्यायचा, तर माणूस लवचीक तबकडी हातात घेऊन चालत जाई. अमेरिकन लोक विनोदाने ह्या पद्धतीला ‘बुटांचे जाळे’ म्हणत.

अंगणात उघडणारी दारे

ह्याच सुमारास इंग्लंडात निराळे प्रयोग चालले होते. बी.बी.सी. ह्या नभोवाणी संस्थेने लोकांना संगणक शिकवण्याची मोहीम हाती घेतली आणि तिच्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने डिसेंबर १९८१ मध्ये ‘बी.बी.सी. मायक्रो’ हे यंत्र आणले. शाळांपुढची अडचण अगदी व्यवहारी होती. यंत्र एक वेळ परवडे, पण तबकडी वाचणारे उपकरण आणि छपाईयंत्र प्रत्येक मुलापुढे ठेवणे परवडत नसे. एकॉर्नने ह्यावर ‘एकोनेट’ नावाचे स्वस्त जाळे काढले. वर्गात एकाच यंत्राला तबकडी असावी आणि बाकीच्या यंत्रांनी तारेवरून तिचा लाभ घ्यावा. वेग सेकंदाला दोन लाख बिटांच्या आसपास, म्हणजे इथरनेटच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका. पण मुलांच्या धड्यांना तो पुरे होता. बी.बी.सी. मायक्रोच्या आतल्या फळीवर एकोनेटच्या सुट्या भागांसाठी जागा राखून ठेवलेली होती. ज्या शाळेला हवे तिने ते भाग बसवून घ्यावेत. म्हणजे दार नव्हते, पण चौकट तयार होती. भिंत फोडावी लागत नव्हती.

ह्या यंत्राचा आपल्याशीही संबंध आला. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ ह्या नावाने शालेय संगणकशिक्षणाची योजना सुरू केली. सुमारे अडीचशे शाळांपासून तिचा आरंभ झाला आणि त्या शाळांतून जी यंत्रे आली ती बी.बी.सी. मायक्रोच होती. आपल्या देशातील कितीतरी मुलामुलींनी पाहिलेला पहिला संगणक तो हा.

क्लाइव्ह सिंक्लेअर ह्या कल्पक कारखानदाराने आणखी एक पाऊल टाकले. जानेवारी १९८४ मध्ये त्याने ३९९ पौंडांना ‘क्यू.एल.’ हा संगणक जाहीर केला. ह्या स्वस्त यंत्राच्या पाठीवर जाळ्याची दोन दारे मुळातच होती. कानाला लावण्याच्या श्रवणयंत्राची तार जशा भोकात बसते, तशीच ती लहान गोल भोके होती. चौसष्ट यंत्रे एका माळेत ओवता येतील अशी सोय होती. कागदावर पाहता हे दूरदर्शीपणाचे उत्तम उदाहरण. पण क्यू.एल.ची यंत्रे घाईने, उणिवांसह बाजारात आली, अपेक्षेइतकी खपली नाहीत आणि १९८६ साली त्यांचे उत्पादन संपले. घरात एकच क्यू.एल. असेल तर त्या दोन दारांनी जायचे कोठे? एकोनेट काय किंवा सिंक्लेअरचे जाळे काय, दोन्हींची दारे आपापल्या कंपनीच्या अंगणातच उघडत होती. पलीकडच्या घराची भाषा निराळी, तारेचे टोक निराळे. दार असून बंदिवास संपला नाही.

पाचशे शब्दांऐवजी एक छपाईयंत्र

दाराचे महत्त्व लोकांना व्याख्यानांनी पटले नाही. ते एका महाग छपाईयंत्राने पटवले. ही कथा ॲपल कंपनीची आहे.

२४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश संगणक प्रसिद्ध झाला. त्याला जाळ्याचे म्हणून वेगळे दार नव्हते. पण त्याच्या पाठीवर अनुक्रमी तारांची दोन साधी भोके होती, आणि त्यांच्यामागे झायलॉग कंपनीची जी चिप होती ती सामान्य चिपेपेक्षा जास्त हुशार होती. मोडेम आणि छपाईयंत्र चालवण्यासाठी घातलेली ही चिप जाळ्याचेही काम करू शकेल, हे अभियंत्यांना ठाऊक होते. गुरशरण सिधू ह्यांच्या नेतृत्वाखाली ॲपलच्या मंडळींनी तिच्यावर ‘ॲपलटॉक’ हे जाळे उभारले. वेग सेकंदाला २,३०,४०० बिट. एका तारेवर बत्तीस यंत्रे, लांबी तीनशे मीटर. लागणारी तार आणि तिची डबी प्रत्येक यंत्रामागे पन्नास डॉलरच्या आसपास. इथरनेटच्या मानाने ही गोगलगाय होती. पण दार यंत्राबरोबर फुकट आले होते.

ह्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यातला सोपेपणा. जाळ्यात प्रत्येक यंत्राला क्रमांक लागतो, जसा रस्त्यावरच्या घराला लागतो. इतर पद्धतींत हे क्रमांक जाणकार माणसाने हिशेबाने वाटावे लागत. ॲपलटॉकमध्ये नवे यंत्र स्वतःच एक क्रमांक मनाशी धरी आणि तारेवर विचारी, ‘हा कोणाचा आहे काय?’ कोणी ‘माझा’ म्हटले तर दुसरा क्रमांक धरी. सगळे गप्प राहिले तर तो आपला मानी. तार जोडली की काम झाले. तज्ज्ञाची गरज उरली नाही. कारकून, शिक्षक, लहान छापखान्याचा मालक, कोणालाही हे जाळे स्वतः मांडता येऊ लागले.

जानेवारी १९८५ मध्ये ॲपलने ‘लेझररायटर’ हे छपाईयंत्र आणले. किंमत ६,९९५ डॉलर! ते ज्या संगणकाला जोडायचे त्याच्या दुपटीहून अधिक. त्याच्या पोटातला संगणक मॅकिंटॉशपेक्षाही बलवान होता. असे यंत्र एका टेबलासाठी कोण घेणार? पण जाळ्यावरून पंधरा-वीस जणांनी वापरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च सहज पेलण्यासारखा होता. त्याच वर्षी पाने जुळवण्याचा ‘पेजमेकर’ हा कार्यक्रम आला आणि टेबलावरचा छापखाना जन्माला आला. वृत्तपत्रे, शाळांची मासिके, संस्थांचे अहवाल ह्यांच्या कामाची पद्धतच त्याने पालटली. ह्या क्रांतीचे श्रेय लोक मॅकिंटॉशच्या पडद्याला आणि लेझररायटरच्या सुबक अक्षरांना देतात, ते योग्यच आहे. पण मधली स्वस्त तार नसती, तर ही अक्षरे फार थोड्यांच्या हाती पडली असती. पुढे फॅरालॉन नावाच्या कंपनीने ॲपलची खास तारही अनावश्यक ठरवली; साध्या टेलिफोनच्या तारेवर हेच जाळे चालू लागले. रस्ता भिंतीत आधीच होता, आता तो दाराला येऊन मिळाला.

दार सर्वांचे कसे झाले

इतके ऐकून कोणी म्हणेल की, ज्याने दार आधी केले तो जिंकला. परंतु इतिहास इतका सरळ नसतो. मुळातच दार असलेली यंत्रे निघत होती; पण शेवटी सर्वांच्या घरी जे दार आले ते इथरनेटचे, आणि ते स्वस्त झाले ते दार नसलेल्या आय.बी.एम.च्या वंशजांमुळे! कसे ते पाहू.

इथरनेटचा आराखडा खुला होता आणि आय.बी.एम.च्या खाचाही खुल्या होत्या. त्यामुळे कार्ड बनवणाऱ्यांची रीघ लागली. स्वतः आय.बी.एम.ने १९८५ साली ‘टोकन रिंग’ नावाची वेगळी पद्धत पुढे केली. तिच्यात सभासद हातातला बिल्ला एकमेकांकडे फिरवतात आणि ज्याच्या हाती बिल्ला तोच बोलतो. पद्धत शिस्तीची होती, पण महाग पडली. इकडे इथरनेटच्या तारेतही सुधारणा होत गेली. पहिली तार अंगठ्याएवढी जाड, वाकवायला कठीण. दुसरी पातळ, पण तिचा दोष असा की ती टेबलाटेबलांतून एकाच माळेत जाई; कोणाचा पाय अडकून एक सांधा सुटला की सगळी कचेरी मुकी होई. १९९० साली टेलिफोनसारख्या पिळाच्या तारेवर चालणाऱ्या इथरनेटचे मानक मंजूर झाले. त्यात प्रत्येक यंत्राची तार वेगळी आणि ती मधल्या एका पेटीपर्यंत जाणारी. एकाची तार तुटली तर एकटाच तुटतो. आरंभी मी ज्या चौकोनी भोकाचे वर्णन केले, ते हे.

मोठ्या कामाच्या यंत्रांत दार अगोदरच आले होते. १९८२ साली स्थापन झालेल्या सन कंपनीच्या नावातली अक्षरेच मुळी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जाळ्याची आद्याक्षरे आहेत. जाळे हाच खरा संगणक, अशी तिची घोषणा होती. ह्या कंपनीच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला ह्यांचा जन्म १९५५ सालचा, आपल्या पुण्यातला. १९८८ साली स्टीव्ह जॉब्जने, ॲपलबाहेर पडल्यावर, ‘नेक्स्ट’ हा संगणक काढला, त्यातही इथरनेट मुळातच होते. नऊ वर्षांपूर्वी न दिसलेली गोष्ट त्याला आता दिसली होती. त्या महागड्या यंत्राचा खप बेताचाच झाला. पण त्यांपैकी एक स्वित्झर्लंडमधील सर्न ह्या संशोधनसंस्थेत पोहोचले आणि टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९९० साली त्याच्यावर ‘वर्ल्ड वाइड वेब’ घडवले. वेबचे जन्मस्थान जाळ्याचे दार असलेले यंत्र असावे, हे योग्यच झाले.

ॲपलने ऑक्टोबर १९९१ मध्ये ‘क्वाड्रा’ ह्या यंत्रांत इथरनेट मुळातच घातले. पण कोणती तार टिकेल हे ठरत नव्हते, म्हणून दाराला आपला खास आकार दिला आणि ग्राहकाला वेगळी डबी घ्यावी लागली. १९९५ साली काही यंत्रांवर नेहमीचे चौकोनी भोक त्याच्या शेजारी आले. ऑगस्ट १९९८ मध्ये विक्रीस आलेल्या ‘आयमॅक’ने तर तबकडीची फट आणि ॲपलटॉकची जुनी भोके, दोन्ही काढून टाकली, राहिले ते इथरनेटचे दार आणि टेलिफोनचा मोडेम. आय.बी.एम.च्या वंशजांत कार्डांची किंमत घसरत घसरत इतकी खाली आली की ते वेगळे विकण्यात अर्थच उरला नाही. २००० सालाच्या सुमारास इंटेलने यंत्राच्या मुख्य चिपांतच इथरनेटचा भाग घातला. हजार डॉलरचा दागिना वीस वर्षांत हाडामांसाचा झाला.

म्हणून ह्या इतिहासाचा निष्कर्ष दुहेरी आहे. दार आधी ठेवणारा कोणीतरी लागतो, नाहीतर लोकांना जोडणीची गोडीच कळत नाही; हे ॲपलटॉकने शिकवले. आणि रस्ता सर्वांचा असावा लागतो, नाहीतर दार अंगणातच उघडते. हे इथरनेटने शिकवले. ॲपलटॉक स्वतः मात्र टिकले नाही. २००९ साली ॲपलने आपल्या यंत्रांतून त्याचा आधार काढून घेतला.

दार नाहीसे झाले तेव्हा

आणखी एक वळण राहिले आहे. जुलै १९९९ मध्ये ॲपलच्या ‘आयबुक’ ह्या मांडीवरच्या संगणकाच्या आवरणात रेडिओची तार, म्हणजे ॲन्टेना, आधीच बसवलेली होती. लहान कार्ड घातले की बिनतारी जाळे मिळे. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या ‘मॅकबुक एअर’ला इथरनेटचे भोकच नव्हते. हवाई बेटांवरच्या रेडिओलहरींतून निघालेली कल्पना तारेत शिरली, आणि तीस-पस्तीस वर्षांनी तार टाकून पुन्हा हवेत गेली. आपल्या खिशातल्या फोनला दार दिसत नाही, कारण तो सगळाच दार झाला आहे.

ह्यात लाभ उघड आहे. पण एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. दार म्हटले की त्याला कडी असते. तार होती तेव्हा ती ओढून काढली की यंत्र आपले आणि आपल्यापुरते होई. हे कोणत्याही अडाणी माणसाला कळत होते आणि करता येत होते. आता जोडणी डोळ्यांना दिसत नाही. ती केव्हा चालू आहे आणि आपल्या घरातून काय बाहेर जात आहे, हे सामान्य माणसाला सांगता येत नाही. कितीतरी यंत्रे आणि कार्यक्रम असे आहेत की जाळे तुटले तर ते कामच करीत नाहीत. एके काळी प्रश्न होता दार कोण ठेवील. आजचा प्रश्न आहे, कडी कोणाच्या हाती राहील.

आणि पहिला प्रश्न तरी सुटला आहे काय? मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळांना कुलपे लागली आणि वर्ग फोनच्या पडद्यावर भरू लागले, तेव्हा त्याचे उत्तर आपण सर्वांनी पाहिले. ज्या घरात फोन एकच, तिथे कोणत्या भावंडाने वर्गात बसायचे हे ठरवावे लागले. ज्या वाडीवर लहरी पोहोचत नव्हत्या, तिथली मुले टेकडीवर जाऊन बसली. प्रत्येक यंत्राला दार होते. पण प्रत्येक दारापर्यंत रस्ता नव्हता. १९८१ साली कारखानदार जो युक्तिवाद करीत होता, की ज्याला हवे त्याने पैसे भरून घ्यावे, तोच वेगळ्या वेषात पुन्हा उभा राहिला होता. त्याची गोम आपण पाहिलीच आहे. शेजाऱ्याचे मूल जाळ्याबाहेर राहिले, तर जाळ्याचे मोल आपल्याही मुलासाठी तेवढे कमी होते.

अभियंत्यांनी चाळीस-पन्नास वर्षे झगडून हा पेच आपल्या परीने सोडवला. त्यांनी दार स्वस्त केले, सोपे केले आणि सर्वांसाठी एकाच मापाचे केले. उरलेले काम चिपेचे नाही. ते नगरपालिकांचे, शाळांचे, ग्रंथालयांचे आणि आपल्यासारख्या नागरिकांचे आहे. विहीर आणि रस्ता ही आपण सामाईक गरज मानली. जोडणीही त्याच रांगेत बसवायची की नाही, ह्याचा निर्णय आपल्याला करावयाचा आहे.